सत्यशीलाबाईंची कावीळ

१

सत्यशीला घुगेंना स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉ. सुचित्रा धर्माधिकारींनी खाली वाकून विचारलं, "बाई, आज वार कोणता?"

सत्यशीलाबाईंनी बराच वेळ विचार केला. मग त्या म्हणाल्या, "फळा पुसा."

त्या श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याजवळच्या साखरशाळेत शिकवत. ऊस तोडायला आलेल्या माणसांची मुलं त्या शाळेत बसायची. वय बेचाळीस. पाच वर्षांपूर्वी त्यांना एक विचित्र आजार निघाला होता: शरीराची संरक्षण यंत्रणा, जिने रोगजंतूंशी लढायचं, ती त्यांच्या स्वतःच्याच यकृतावर चालून जायची. तिला आवरायला रोज दोन गोळ्या लागत, एक छोटी पांढरी स्टेरॉइडची आणि एक छोटी पिवळी. नगरला डॉ. सुचित्रांच्या इस्पितळात त्या दर महिन्याला यायच्या. पाच वर्षं यकृत शांत होतं.

जानेवारीत कोविडची तिसरी लाट आली. सत्यशीलाबाईंना ताप आला, खोकला आला, तपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि आठवड्याभरात त्या बऱ्याही झाल्या. आता नऊ फेब्रुवारी होती. यकृताच्या एन्झाइमचा आकडा चाळीसच्या आत असायला हवा, तो अठराशेवर गेला होता. यकृत काम करेनासं झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचते आणि माणूस भ्रमतो. बाई तशाच भ्रमल्या होत्या.

डॉक्टर बाहेर आल्या तर दारात एक हवालदार उभा होता. त्याच्या शेजारी पाथर्डीकडून आलेला, रागाने थरथरणारा एक माणूस होता.

"मी श्रीमंत सानप, तिचा भाऊ," तो म्हणाला. "डॉक्टर, माझ्या बहिणीला विष घातलंय. आणि कुणी घातलंय ते मला माहितीय."

२

हवालदाराचं नाव बजरंग पालवे. पन्नाशीचा, संथ बोलणारा माणूस. त्याने डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची ओढली. "मॅडम, तक्रार आलीय म्हणून जबाब घेतोय. तुमी इथंच बसा. औषधातलं मला काय कळत न्हाई."

पहिली आत आली ती जिच्यावर संशय होता तीच, सत्यशीलाबाईंची मोठी जाऊ भागूबाई. दिवाळीत घराच्या वाटणीवरून भांडण झालं होतं. भागूबाईच्या नवऱ्याने रागाच्या भरात धाकट्या भावावर, म्हणजे सत्यशीलाबाईंच्या नवऱ्यावर, कोयता उगारला होता. तेव्हापासून चुली वेगळ्या आणि दोघी जावांचं बोलणं बंद. आणि जानेवारीत ताप आल्यावर हीच भागूबाई सकाळ-संध्याकाळ काढा घेऊन दारात उभी राहू लागली.

"एवढं वैर असताना काढा कशापायी द्यायचा?" पालवेंनी विचारलं.

"वैर वाटणीचं हुतं. ती खोकायला लागली तवा भिंतीपल्याड मला झोप न्हाई," भागूबाई म्हणाली. "म्या काढा दिला, व्हय. धा दिस दिला. गुळवेल, आलं, तुळस. सगळ्या घरानं त्योच पिला. माझी पोरं बी पिली."

डॉ. सुचित्रा ताठ बसल्या. "गुळवेल? किती घालत होता?"

"बोटभर कांडी. का वो?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ज्यांची संरक्षण यंत्रणा आधीच बिथरलेली असते अशा लोकांना गुळवेलीने यकृताचा त्रास झाल्याच्या केसेस त्यांनी वाचल्या होत्या. बाकीच्या घराला जो काढा पचला तोच एकीला बाधू शकत होता. त्यांनी तसं बोलून दाखवलं आणि बोलल्याक्षणी त्यांना पस्तावा झाला, कारण दाराशी उभ्या असलेल्या श्रीमंतने ते ऐकलं होतं.

"बघा! डॉक्टरच म्हणतात!"

भागूबाईचा चेहरा पडला. "आवो, पण तिला गुण येत हुता. त्या औषधांनी तिचं तोंड चार वर्सं सुजल्यालं दिसायचं, गोल गोल. ते उतरलं. लग्नात हुती तशी दिसाया लागली. आमी म्हणलं, काढा लागू पडला."

पालवेंनी ते लिहून घेतलं. डॉक्टरांनीही ऐकलं, पण त्यांचं मन गुळवेलीतच अडकून पडलं होतं.

मग सत्यशीलाबाईंचा नवरा कल्याण आत आला. तो कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. डोळे रडून लाल झालेले.

"तापाच्या गोळ्या किती घेतल्या त्यांनी?"

"पाच दिवस, दिवसाला तीन. मी मोजून देत होतो."

"आणि यकृताच्या? कधी चुकल्या?"

"एक दिवसपण नाही, मॅडम. रोज सकाळी माझ्यासमोर घ्यायची. ती मोठी गोळी तिच्या घशात अडकायची, मी पाण्याचा तांब्या धरून उभा राहायचो."

३

दुसऱ्या दिवशी सगळ्याच गोष्टी एकमेकींना खोट्या पाडू लागल्या.

दूषित पाण्याच्या काविळीचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. रक्तातून पसरणारी कावीळही नव्हती. तापाच्या गोळ्यांनी यकृत बिघडलं असतं तर दोन-चार दिवसांत बिघडलं असतं. त्या गोळ्या थांबून तीन आठवडे झाले होते. कोविडचा विषाणू स्वतःही यकृताला हात लावतो, पण इतक्या सौम्य आजारात सहसा इतका नाही, आणि इतक्या उशिराही नाही. उरला काढा. पण बोटभर कांडीचा काढा, तोही दहाच दिवस?

डॉ. सुचित्रांना काही सुचेना. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांच्यावर ही वेळ क्वचितच आली होती. प्रश्न नुसत्या निदानाचा नव्हता. जुना आजार उसळला असेल तर स्टेरॉइडचा मोठा डोस लगेच द्यायला हवा. पण कोणी खरंच काही पाजलं असेल, किंवा आत जंतुसंसर्ग दडलेला असेल, तर त्याच डोसने बाई हातच्या जातील. चुकायला जागाच नव्हती.

दुपारी नर्स आरती धावत आली. "मॅडम, बीपी पंच्याऐंशीवर आलंय. शुगर पन्नास."

सलाइन वाढवलं, ग्लुकोज दिलं. शुगर सावरली, पण बीपी हलेना. शेवटी डॉक्टरांनी स्टेरॉइडचं एक छोटं इंजेक्शन दिलं. यकृतासाठी नाही, फक्त रक्तदाबासाठी. तासाभरात बीपी एकशे दहावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"बरं झालं," आरती म्हणाली. "सकाळपासून त्या सारखं कोयता, कोयता करत होत्या. मला तर भीतीच वाटली."

श्रीमंत पडद्यामागेच उभा होता. "काय म्हणाली? कोयता?"

पुढच्या दहा मिनिटांत तो पोलीस ठाण्यात होता. दिवाळीत उगारलेला कोयता, दोन महिने धरलेला अबोला, अचानक आलेला काढा, आणि आता बेशुद्धीतही बहिणीच्या तोंडी तोच शब्द. संध्याकाळी पालवेंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, साहेबांनी मनावर घेतलंय. उद्या सकाळी भागूबाईला अन् तिच्या नवऱ्याला ताब्यात घेणार. काढा हेच कारण हाय असं तुमच्या सहीचं पत्र मागितलंय."

"आणि नसलं तर?"

"मग कारण काय हाय, ते सकाळपर्यंत सांगा."

४

डॉक्टरांनी पत्र लिहायला घेतलं. "काढ्यामुळे" हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं.

आपण कालपासून एकच प्रश्न विचारतोय, त्यांच्या लक्षात आलं. हिच्या पोटात काय गेलं? भागूबाईला तोच, कल्याणला तोच. श्रीमंतलाही तोच प्रश्न पडला होता.

त्यांनी सत्यशीलाबाईंची पाच वर्षांची फाईल मागवली. पिवळ्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. बाईंच्या पेशी प्रत्येक महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास असायच्या. या वेळी त्या साडेनऊ हजार होत्या. काल तो आकडा बघून डॉक्टरांनी "ठीक" अशी खूण केली होती. दुसऱ्या कोणासाठी तो ठीकच होता.

मग भागूबाईचं बोलणं आठवलं. सुजलेलं गोल तोंड उतरलं. ती सूज आजाराची नव्हती, स्टेरॉइडची होती. स्टेरॉइड चालू असताना ती कशी उतरेल?

आणि बीपी. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. ते अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळतो, सलाइनने सावरत नाही, आणि एका छोट्या इंजेक्शनने उठून बसतो. दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं हेच घडलं होतं.

त्यांनी कल्याणला बोलावलं. "घशात अडकायची ती गोळी कोणत्या रंगाची होती?"

"गुलाबी. मोठी, लांबट."

"पिवळी नाही? छोटी?"

कल्याण गोंधळला. "पिवळी... आधी होती बहुतेक. मी रंग कुठे बघतो, मॅडम? ती घेते एवढंच बघायचो."

गुलाबी गोळी कॅल्शियमची होती, स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली. यकृताच्या दोन्ही गोळ्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. त्या घशात अडकायचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी पालवेंना फोन लावला. "पालवे, विष नाही. तिला काही दिलं गेलंच नाही. तिला जे मिळायला हवं होतं ते महिनाभर मिळालं नाही. गोळ्या बंद आहेत."

"म्हंजे कोणीतरी चोरल्या?"

"तेच कळत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी जोखीम घेतली आणि स्टेरॉइडचा पूर्ण डोस सुरू केला. पूर्ण खात्री अजूनही नव्हती.

५

सकाळी सातला पालवे इस्पितळात आले. अटकेला दोन तास उरले होते.

"घर बघितलं मी," ते म्हणाले. "गोळ्यांची रिकामी पाकिटं न्हाईत. कचऱ्यात न्हाईत, डब्यात न्हाईत. घेऊन संपल्या असत्या तर पाकिटं राहिली असती. कुणीतरी अख्खी पाकिटंच नेली. भागूबाईनंच नेली असतील, असं साहेब म्हणणार."

डॉक्टरांनी आरतीची वही उघडली. पेशंट जे बोलतो ते शब्दाला शब्द लिहायची सवय त्यांनीच नर्सेसना लावली होती. आरती तोंडाने "कोयता" म्हणाली होती. वहीत मात्र लिहिलं होतं: "कोयत्याला दिल्या. सगळ्या दिल्या. कोयत्याला."

"कोयता नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "कोयत्याला. आणि दिला नाही, दिल्या. दिल्या म्हणजे... गोळ्या? पण हत्याराला कोण गोळ्या देईल? भ्रमात माणूस काहीही बोलतो."

पालवे वहीकडे बघतच राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मॅडम, तुमी नगरच्या. माझे आई-बाप पंधरा वर्सं ऊसतोडीला गेल्ते. तिथं कोयता म्हंजे हत्यार न्हाई. कोयता म्हंजे जोडी, नवरा अन् बायको. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. माझ्या टोळीवर वीस कोयते हायेत, असं म्हणतो. आमचे आई-बाप एक कोयता हुते."

"म्हणजे..."

"बाईंनी गोळ्या ऊस तोडणाऱ्या जोडीला दिल्यात. श्रीमंतच्या कानावर नुसता कोयता पडला, न्हाईतर त्याला बी कळलं असतं."

पालवेंनी साहेबांकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि डॉक्टरांना जीपमध्ये बसवलं. साखरशाळेच्या मागे, रस्त्याच्या कडेला टोळ्यांचा तळ होता. चटया आणि ताडपत्रीच्या कोप्यांची रांग होती. एके ठिकाणी चार कोप्यांची जमीन काळी पडली होती.

पालवेंनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "ह्या कधी जळाल्या?"

"संक्रांतीच्या आधी, मंगळवारी. चुलीची ठिणगी उडाली."

"त्यात आजारी बाई कोण हुती?"

"लंकाबाई," म्हणत म्हाताऱ्याने पलीकडच्या कोपीकडे बोट केलं. तिथे एक सडपातळ बाई भाकरी थापत होती. तिच्या गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा लालसर डाग होता. डॉक्टर जागीच थबकल्या. हा डाग त्या ओळखत होत्या. हाही तसलाच आजार, शरीर स्वतःवरच उलटण्याचा. फक्त यकृताऐवजी सांधे आणि कातडी.

"लंकाबाई," डॉक्टर जवळ जाऊन म्हणाल्या, "तुम्हाला पिवळ्या गोळ्या कुणी दिल्या?"

लंकाबाईचा हात पिठातच राहिला. "साळंतल्या बाईंनी. का वो, त्यांना काय झालं?"

६

तिने सगळं सांगितलं. ती बीडच्या हद्दीजवळची. तिचं औषध बीडच्या सरकारी दवाखान्यातून यायचं, सहा महिन्यांचं एकदम. ते सगळं कोपीबरोबर जळालं. गोळ्या दोन दिवस चुकल्या की तिचे सांधे असे धरायचे की कोयता मुठीत येत नसे, आणि टोळी सोडून बीडला जाणं जमण्यासारखं नव्हतं. तिची मुलगी शाळेत रडली. बाईंनी आगीतून वाचलेला गोळ्यांचा जुना कागद बघितला, तर गोळ्या त्याच, दोन्ही.

"म्या नगं म्हणलं," लंकाबाई म्हणाली. "तर म्हणल्या, अगं, मी शहराजवळ राहते. डॉक्टरबाईंना मेसेज टाकते, मला उद्याच नव्या मिळतील. अन् पर्समधली सगळी पाकिटं काढून दिली. दुसऱ्या दिशी त्यांना ताप आला असं कळलं. मग साळाच बंद पडली."

"पण त्यांना नव्या मिळाल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "का नाही मिळाल्या?"

श्रीगोंद्यात पांढरी गोळी चिठ्ठीशिवाय कोणी देत नसे आणि पिवळी कुठेच मिळत नसे. पिवळी फक्त डॉक्टरांच्या इस्पितळाच्या मेडिकलमध्ये असायची. बाईंनी मेसेज टाकला असेल तर तो गेला कुठे? का बाईंनी टाकलाच नाही? मागे एकदा एक आठवडा गोळ्या चुकल्या होत्या, तेव्हा डॉक्टर त्यांना सगळ्या ओपीडीदेखत बोलल्या होत्या. त्या भीतीने गप्प बसल्या असतील?

"पालवे, त्यांचा मोबाईल तुमच्याकडे आहे ना?"

पालवेंनी जीपमधून प्लास्टिकच्या पिशवीतला फोन आणला. कल्याणने सांगितलेला नंबर टाकून तो उघडला, वाचला, आणि डॉक्टरांच्या हातात द्यायच्या आधी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

चौदा जानेवारी, सकाळी साडेनऊ. इस्पितळाच्या नंबरवर गेलेला मेसेज: "मॅडम, माझी कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. माझ्या दोन्ही गोळ्या संपल्या आहेत. नवऱ्याला पाठवू का? काय करू?"

त्याच मिनिटाला आलेलं उत्तर: "कोविड झालेल्या रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी एकवीस दिवस इस्पितळात येऊ नये. औषधांबाबत त्यानंतर भेटावे. डॉ. सुचित्रा धर्माधिकारी."

ते उत्तर डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी नव्हतं. लाट आली तेव्हा गर्दी आवरायला त्यांनी एक मजकूर करून दिला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक मेसेजला तो आपोआप जात होता. आलेले मेसेज नंतर वाचायचं काम कोणाकडे आहे, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

बाईंनी एकवीस दिवस मोजले असणार, आणि ते संपेपर्यंत भ्रम चढू लागला असणार. नवऱ्याने काळजी करू नये म्हणून रोज त्याच्यासमोर कॅल्शियमची गोळी गिळली असणार.

लंकाबाई घाबरून दोघांकडे बघत होती. "डॉक्टरबाई, माझ्यामुळं झालं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं रक्त तपासायला उद्या माझ्याकडे या. गोळ्या बंद करू नका. मी देते."

परत येताना पालवे जीप चालवत होते. ते म्हणाले, "मॅडम, अहवालात काय लिहू? फोन तपासला, हे लिवलं न्हाई तरी चालंल. काढा न्हाई, विष न्हाई, एवढ्यावर भागतंय."

"लिहा. मेसेज जोडा. माझं नाव आहे तसंच ठेवा."

"तुमच्यावर येईल."

"काढ्यावर आलं असतं तर तुम्ही भागूबाईला आत टाकणारच होता ना?"



७

सहाव्या दिवशी एन्झाइमचा आकडा अठराशेवरून सहाशेवर आला. सातव्या दिवशी सत्यशीलाबाईंनी वार बरोबर सांगितला. बाहेर बाकड्यावर श्रीमंत भागूबाईसमोर हात जोडून उभा होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माफी नगं मला. माझ्या जावंला घरी न्यायचीय, तेवढी गाडी बघा. अन् माझ्या नवऱ्याचं नाव त्या कागदावरनं काढून आना."

काढ्याने काहीच केलं नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही. विषाणूने यंत्रणा चाळवली असेल, गुळवेलीने भर घातली असेल. कोणी किती केलं ते मोजता येत नव्हतं. पण आवरणारी गोळी चालू असती तर हे इथवर आलं नसतं, याची त्यांना खात्री होती. काढा मात्र यापुढे द्यायचा नाही, हे त्यांनी भागूबाईकडून दोनदा वदवून घेतलं.

मग त्या सत्यशीलाबाईंच्या कॉटजवळ जाऊन बसल्या.

"तुम्हाला चौदा तारखेला जे उत्तर आलं," त्या म्हणाल्या, "ते मी वाचून दिलेलं नव्हतं. मशीनने पाठवलं. पण मजकूर माझा होता. चूक माझी आहे."

सत्यशीलाबाई छताकडे बघत होत्या. "मला वाटलं, तुम्हीच लिहिलंय. म्हणून परत विचारलं नाही. मागच्या वेळी तुम्ही केवढ्या बोलला होता."

"हो."

"मी दिल्या ते चुकलं का?"

चुकलं म्हणावं तर लंकाबाईचे सांधे शाबूत होते. नाही म्हणावं तर समोर हे पिवळे डोळे.

"द्यायच्या आधी मला सांगायला हवं होतं," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला सांगता येईल अशी असायला हवी होते."

सत्यशीलाबाईंनी डोळे मिटले. राग होता की थकवा, हे डॉक्टरांना कळेना. थोड्या वेळाने बाईंनी पालवेंनी परत केलेला मोबाईल उशीखालून काढला.

"इस्पितळाचा नंबर नको," त्या म्हणाल्या. "तुमचा स्वतःचा सांगा."

डॉक्टरांनी सांगितला. बाईंनी एकेक आकडा दाबला, पुन्हा एकदा वाचून दाखवला, आणि तिथेच पडल्या पडल्या फोन लावला. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात घंटी वाजली. बाईंनी तीन वेळा वाजू दिली.

"उचला," त्या म्हणाल्या.

डॉ. सुचित्रांनी फोन कानाला लावला.